गावातला जुना वाडा मोजायचा आणि वाचायचा कसा

वाड्यावर पोचलात की पहिला चहा गोड बोलून पुढे ढकला. चहाबरोबर गोष्ट येते. पेशव्यांनी खापरपणजोबांना वाडा इनाम दिला, तळघरातून थेट किल्ल्यावर भुयार जातं, परसात मोहरांचा हंडा आहे. गोष्ट ऐकायचीच आहे, पण ती आधी ऐकली की डोळे तेवढंच शोधत राहतात. माझी सगळी नोकरी भूकरमापक म्हणून शेतं आणि गावठाणं मोजण्यात गेली. माणसं हद्द सांगतात ती आपापल्या सोयीची, म्हणून आम्ही आधी साखळी टाकायचो आणि जबाब मागाहून घ्यायचो. निवृत्तीनंतर वाडे मोजतो तेही याच क्रमाने.

सोबत तीस मीटरचा टेप, पाच मीटरचा छोटा टेप, ओळंबा, होकायंत्र, दणकट टॉर्च, चौकटीची वही आणि शिसपेन्सिल एवढं पुरतं. पेन नको, घामाने शाई फुटते. लेझरचं मापक उंच छताला उत्तम, पण भर उन्हात चौकात त्याचा ठिपका दिसत नाही. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. तो घरातलाच एखादा पोरगा असेल तर सोन्याहून पिवळं, बंद खोल्यांच्या किल्ल्या आपोआप सापडतात.

बाहेरून एक फेरी

आत शिरण्याआधी वाड्याला पूर्ण वळसा घाला. पुणे-सातारा भागात बहुधा दिसेल ते असं: खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पातळ भाजीव विटांची भिंत, खालच्या मजल्याला बाहेरून एकही खिडकी नाही, वरच्या मजल्याला लहान खिडक्या. याचं मोठं रूप पाहायचं तर शनिवारवाड्यात जा. १७३० साली पायाभरणी झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत गेला, पण आतली जोती राहिली. चौक कुठे होते, दालनं कशी लागून होती, हे जमिनीवर नकाशा काढल्यासारखं दिसतं. गावच्या वाड्यात पडझड झाली असेल तर तुम्हालाही हेच करायचंय: भिंत नसली तरी जोतं शोधायचं.

मराठवाडा, विदर्भ, खानदेशात प्रकार वेगळा. तिथे उंचवट्यावर गढी असते. खाली रुंद आणि वर निमुळते होत जाणारे तट, कोपऱ्यांना बुरूज, आत पांढऱ्या मातीची भर. बाहेरचा दगडी पदर एकदा निखळला की पावसाबरोबर माती वाहू लागते, गावकरीही ती माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) आणि शेतात टाकायला नेतात, आणि काही पिढ्यांत गढीची टेकडी होते. तेव्हा गावाला लागून बाभळी माजलेली एकटी टेकडी दिसली तर तिच्या कडेने फिरा. कुठेतरी गोलाई धरून बसलेले चार चिरे सापडले की बुरूज सापडला.

तटात जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, असतील तर आतल्या बाजूने नीट पाहा. जंगीमागे माणूस उभा राहील एवढी जागा, आणि भोकाला बाहेर खाली उतरता कल असेल, तर ती बंदुकीसाठी केलेली. मागे उभं राहायला जागाच नसेल तर दोन शक्यता: मजल्याची जमीन कोसळलेली आहे, किंवा जंगी नुसती रुबाबाला आहे. गावोगावच्या पाटलांना रुबाब हवाच होता, त्यात वावगं काही नाही.

जोत्यात कोरीव खांबाचा तुकडा, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) किंवा देवळाचा एखादा नक्षीचा थर उलटासुलटा बसवलेला दिसेल. लगेच ‘हेमाडपंती वाडा’ असं वहीत लिहू नका. पडक्या देवळाचे चिरे उचलून वाड्यात बसवणं ही सर्रास रीत होती. त्या दगडावरून गावात जुनं देऊळ होतं एवढंच ठरतं, वाड्याचं वय ठरत नाही.

दरवाजा

इथे घाई करू नका. वाड्याच्या मालकाला जगाला काय दाखवायचं होतं आणि कशाची भीती होती, दोन्ही दरवाजात आहे.

आधी कमान किंवा चौकट पाहा. लाकडी चौकटीवरच्या गणेशपट्टीची झीज, तेलाचे थर, रंगाचे थर बघा. मग मोठ्या दाराच्या पोटातली दिंडी. रोजची ये-जा दिंडीतून, वाकून. दार बिजागरीवर आहे की वर-खाली खळग्यात फिरणाऱ्या खुंट्यांवर, ते टॉर्च लावून पाहा. खालच्या दगडी खळग्याला कडेने घासून चकाकी आलेली असते. खळगा आहे पण दार बिजागरीवर आहे, म्हणजे दार बदललेलं. मग दोन्ही बाजूंच्या भिंतीत अडसराची भोकं शोधा. एक खोल असतं, कारण दार उघडं असताना अख्खा अडसर त्यात सरकवून ठेवायचा. त्या भोकात काठी घालून खोली मोजा. ती दाराच्या रुंदीशी जुळत असेल तर भिंत आणि दरवाजा एकाच वेळचे. ही दोन मिनिटांची मोजणी पुष्कळ वाद मिटवते.

दाराच्या आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. त्यात दिवळी, भिंतीत खुंट्या, ओट्यावर बसून बसून गुळगुळीत झालेली कड. पुढे वाट सरळ जाते की वळते? बऱ्याच वाड्यांत दारात उभं राहून चौक पुरता दिसत नाही, मुद्दाम आड भिंत घातलेली असते.

चौक आणि खण

आता मापं. चौक काटकोनात आहे असं धरून चालू नका. चारी बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर आकृती त्या मापांनीच काढा, डोळ्याने सरळ करू नका. एका बाजूची मापं तुकड्यातुकड्याने घेऊ नका. टेप कोपऱ्यात शून्यावर धरून सलग वाचत जा. तुकड्यांची बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक जमा होत जाते.

वाड्याचं खरं एकक मात्र मीटर नाही, फूटही नाही. ते आहे खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच फुटांच्या आसपास. आणि समोरून आत जाण्याच्या दिशेने घई. ‘पाच खणी दुघई सोपा’ (सोपा म्हणजे चौकाकडे उघडी ओसरी) म्हटलं की जुन्या सुताराला सगळं कळायचं: लांबीला पाच गाळे, आतल्या दिशेने दोन. म्हणून नकाशावर आधी खांबांचे ठिपके टाका, भिंती नंतर. प्रत्येक खणाचं माप वेगळं लिहा. चार खण सारखे आणि पाचवा वीतभर मोठा आला तर तिथे थांबा. तिथे काहीतरी घडलेलं असतं: खांब काढलाय, जिना घातलाय, किंवा तिथून पुढचा भाग दुसऱ्या कुणाच्या काळातला आहे.

सुताराचा गज चोवीस तसूंचा, आणि तो जागोजाग थोडा वेगळा. त्यामुळे जुन्या भागात मापं फूट-इंचांत अडनिडी येतात. दहा फूट, बारा फूट अशी पूर्ण फुटांतली मापं लागोपाठ यायला लागली तर तो भाग इंग्रजी अमदानीतला असावा, असा माझा पहिला अंदाज असतो. पुरावा नव्हे, अंदाज.

एका खांबाजवळ मात्र बूड टेकून बसा. खाली दगडी तळखडा, चौकोनी किंवा कमळाच्या पाकळ्यांचा. लाकूड जमिनीला टेकत नाही, ओल आणि वाळवी तळखड्यापाशी अडते. त्यावर खांब: साधा चौकोनी, कडा मारलेला, किंवा सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता. सुरूचे खांब आणि त्यांच्यामधल्या लाकडी महिरपी ही पेशवाईतली आवड. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ते बघून ठेवा म्हणजे गावात ओळखू येतील. खांबाच्या माथ्यावर हस्त (बाहेर काढलेले लाकडी आधार), हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच (लाकडाच्या पातळ पट्ट्या) किंवा फळ्या, त्यावर माती. हस्ताच्या टोकाला केळफूल लोंबतं का, पोपट कोरलाय का, बघा. मग हात वर करून तुळई आणि हस्ताच्या सांध्यावरून बोट फिरवा. लाकडी खुंटी लागते की लोखंडी खिळा? खिळा असेल तर तो ठोकून चौकोनी केलेला की कारखान्यातला गोल? शेवटी खांबावर बोटाच्या पेराने टकटक करा. भरीव आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आत वाळवी आहे आणि त्या खोलीच्या वरच्या मजल्यावर तुम्ही जायचं नाही.

हा लाकडी सांगाडाच वाडा उभा ठेवतो, भिंत बहुतेक ठिकाणी नुसती भर असते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हे फार महागात पडून कळलं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, कारण त्यांना आरपार बांधणारे दगडच नव्हते, आणि वरून माळवदाचं ओझं आलं. जिथे माळवद लाकडी खांबांवर तोललेलं होतं तिथे कित्येक घरांत भिंती पडूनही छत उभं राहिलं. म्हणून पोट आलेली भिंत दिसली की ओळंबा दुरून लावा, तिच्या सावलीत उभं राहून नव्हे.

खोल्यांची नावं घरच्यांकडूनच घ्यायची. पण साधारण क्रम असा: पहिला चौक कारभाराचा, तिथे सदर, कचेरी, दप्तराची खोली, दुसरा घरच्यांचा, माजघर-देवघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी, आड, आणि मागे गोठा, पागा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात अशी चौकांची मालिका एकामागोमाग एक चालत जाता येते आणि मागे थेट कृष्णेचा घाट. गावातल्या वाड्याला बहुधा एकच चौक असतो, पण आतबाहेरचा तोच क्रम त्या एका चौकाच्या चार बाजूंत वाटलेला असतो. भिंतीतलं बळद आणि जमिनीतलं पेव (दोन्ही धान्य साठवायच्या जागा), भिंतीच्या जाडीत घातलेला अरुंद जिना आणि त्याच्या माथ्यावरचं फळीचं झाकण, हे नकाशात विसरू नका. बाहेरच्या आणि आतल्या मापांत हात-दीड हाताचा फरक पडत असेल तर तो बहुधा बळदात किंवा जिन्यात सापडतो. बहुतेक ‘भुयारं’ही अशीच सापडतात: पेव, तळघर, किंवा चौकाचं पाणी बाहेर काढणारी दगडी मोरी. मोरीतून किल्ल्यावर जाता येत नाही.

आधी काय, नंतर काय

वाडा एका झटक्यात बांधलेला सहसा नसतो. कर्ता पुरुष वतन मिळवतो, पहिला चौक बांधतो, नातू वरचा मजला चढवतो, पणतू भांडतात. हे थर वेगळे काढायला एकच गोष्ट शिकून घ्या: उभी सांध. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत गुंफलेल्या असतील, एक थर हिचा आत आणि एक तिचा, तर त्या एकाच वेळच्या. एक भिंत दुसरीला नुसती येऊन टेकली असेल, मधे वरपासून खालपर्यंत सरळ भेग असेल, तर टेकलेली नंतरची. प्रत्येक कोपऱ्यात हे पाहून नकाशावर बाण काढा. सगळे बाण झाले की मूळ चौक आपोआप उमटतो.

चौकाच्या मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत दिसली की लोक नाक मुरडतात. मी तीही तितक्याच काळजीने मोजतो. घराण्याची थोरली पाती, धाकटी पाती (शाखा) कुठे वेगळी झाली, तुळशी वृंदावन कुणाकडे राहिलं, आडावर दोघांचा हक्क ठेवला का, हा वाड्याचा इतिहासच आहे. चुली मोजा. बुजवलेली दारं मोजा.

जळका भाग वेगळा नोंदवा. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत ब्राह्मणांचे वाडे जाळले गेले. काही वाड्यांत आजही काळ्या पडलेल्या तुळया आणि त्यांच्यावर नंतरचं पत्र्याचं छत अशी जोडी दिसते. हा प्रश्न विचारताना आवाज खाली ठेवा; गावात दोन्हीकडची माणसं अजून शेजारी राहतात.

साल ठरवताना

शिलालेख असेल तर तो दरवाजावर, आडाच्या आतल्या अंगाला किंवा देवघराच्या उंबऱ्यापाशी शोधा. अक्षरं दिसेनात म्हणून पीठ, खडू, तेल, कुंकू काही फासू नका. संध्याकाळी अंधार पडला की टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा आणि बाजूबाजूने फिरवा. दुपारी सपाट वाटलेल्या दगडावर अक्षरांच्या सावल्या पडतात. टॉर्चच्या प्रत्येक जागेला एक फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेली वेलांटी दुसऱ्यात येते.

शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर ताडून पाहा, साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं. राज्याभिषेकाचं शके १५९६ आनंद, पानिपतचं शके १६८२ विक्रम, या दोन खुंट्या धरून मोजलं की बहुतेक सालं बसतात. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे साल मृगापासून सुरू होतं, म्हणून त्यातला पौष १७६१ च्या जानेवारीत पडतो. निजामाच्या मराठवाड्यात फसली सन. त्यात साधारण ५९० मिळवायचे. आणि लेखात ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे का ते आधी पाहा, नाहीतर दुरुस्तीचं साल वाड्याच्या जन्माचं म्हणून छापून येतं.

लेख नसेल तर सामान बोलतं. मंगलोरी कौलं १८६५ च्या आधीची असूच शकत नाहीत, कारण बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना त्या साली निघाला. काही कौलांवर १८६५ हा आकडाच उठवलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा, तुमच्या छताचा नव्हे. लोखंडी तुळईवर टाटांचं नाव असेल तर ती १९१२ नंतरची. वाड्याच्या एका भागाला कौलं असली म्हणून अख्खा वाडा त्या काळचा होत नाही; छत बदलणं सर्वांत सोपं असतं.

आता चहा

नकाशाचं कच्चं काम झालं की ओसरीवर बसा आणि गोष्ट ऐका. आता प्रश्न नेमके पडतील. ‘नाना, वाडा किती जुना?’ असं विचारण्यापेक्षा ‘नाना, या पाचव्या खणाला पूर्वी दार होतं का?’ असं विचारा. वतन कोणतं होतं ते विचारा, कारण बांधणी त्यावर आहे: देशमुख परगण्याचा, त्याच्याकडे माणसं आणि घोडी, देशपांडे आणि कुलकर्णी लिहिणारे, त्यांच्याकडे दप्तराची खोली जपलेली, पाटलाच्या घराजवळ चावडी.

घरातल्या जुन्या सुनांना वेगळं विचारा. पाणी कुठून आणायचं, बाळंतिणीची खोली कोणती, सासरे सदरेवर असताना कोणत्या वाटेने जायचं, हे काकूंना आणि आजींना ठाऊक असतं, नानांना नसतं. वरच्या मजल्यावरच्या जाळीतून चौक दिसतो, ती जाळी कुणासाठी होती हेही त्याच सांगतील. आणि वाड्याबाहेर जाऊन बलुतेदारांच्या घरीही बसा. धान्य घ्यायला कोणत्या दाराशी यावं लागायचं, कुठे थांबावं लागायचं, पाणी वरून ओतायचे का, हे वाड्यातली माणसं सांगत नाहीत. ते दार तुमच्या नकाशात असेलच. आता त्याला नाव मिळेल.

वाडा ओस का पडला, यावर घरोघरी एकच उत्तर असतं: ‘पोरं शहरात गेली.’ त्यामागचं कॅलेंडर माहीत असू द्या. १८५२ पासून इनाम कमिशनने सनदा तपासल्या, ज्यांना कागद दाखवता आले नाहीत त्यांची इनामं गेली. १९४८ चा कुळकायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतनं नष्ट करणारा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, १९६२ साली वंशपरंपरेची पाटीलकी रद्द. जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, हे व्हायलाच हवं होतं. पण वाड्याची दुरुस्ती त्या जमिनीच्या उत्पन्नावर चालायची. शेवटची सागवानी दुरुस्ती कोणत्या सालची आणि पत्रा कोणत्या सालचा, एवढं विचारलं की त्या घराची आर्थिक कुंडली कळते.

कागद

घरच्या ट्रंकेत सनदा असतील, पण वाड्यासाठी सर्वांत कामाचा कागद म्हणजे वाटणीपत्र. त्यात ‘दक्षिणेकडील सोप्याचे तीन खण, माडीसह’ अशी भाषा असते, आणि तुमचा नकाशा खणांवर काढलेला असेल तर ते वाटणीपत्र त्याच्यावर हुबेहूब बसतं. म्हणूनच मी खांबांचे ठिपके आधी टाकायला सांगतो. मूळ कागद कुणी हौसेने दिला तरी घराबाहेर नेऊ नका. सरळ उजेडात जागच्या जागी फोटो घ्या, मागची बाजूही. नेलेला कागद परत न आल्याची तक्रार मी फार घरांत ऐकली आहे, आणि पुढच्या माणसाला मग ट्रंक उघडून मिळत नाही.

ग्रामपंचायतीत नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) जुन्या नोंदवह्यांत घरांचं वर्णन सापडतं, तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार. त्याहून मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, तिथे पेशवे दप्तर आहे, आणि १९१० साली सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. दोन्हीकडे मोडी वाचता यावी लागते किंवा वाचणारा सोबत लागतो. जाताना गाव, परगणा आणि वतनदाराचं आडनाव तिन्ही लिहून न्या. नुसत्या गावाच्या नावावर काही हाती लागत नाही, एकाच नावाची गावं ढिगाने आहेत.

हंड्याबद्दल एवढंच. गुप्तधनापायी लोकांनी देवघराच्या जमिनी आणि खांबांचे तळखडे खणून चांगले उभे वाडे आडवे केलेत. कुणी ‘इथे खणू का’ विचारलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगा: जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. बहुतेकांची हौस तिथेच फिटते.

पक्का नकाशा शाईने काढताना कोपऱ्यात उत्तर दिशा, प्रमाण, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव घाला. जी खोली बघायला मिळाली नाही तिच्यात अंदाजाने भिंती काढू नका. कोरी सोडा आणि ‘कुलूप’ लिहा. ऐकलेली माहिती एका रंगात, मोजलेली दुसऱ्या रंगात. प्रती काढा: प्रत्येक पातीला एक, भांडण असलं तरी, आणि एक ग्रामपंचायतीला, सही-शिक्का घेऊन.